उलटी साल

ग्रेगर टेनंटचा उजवा बूट घोट्यापर्यंत दलदलीत गेला. एफी मॅकअफर काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. त्यातला एकही हात तिने पुढे केला नाही.

"हिरवंगार दिसतं तिथे पाय ठेवायचा नसतो," ती म्हणाली. "बूट नवा दिसतोय."

"नवाच आहे, बाई."

"एक तरी नवा आहे अजून."

टेनंट हसला. अपमान झाला की हसायचं, हे त्याला कुठेतरी रीतसर शिकवलेलं असावं. दोन वर्षांपूर्वी तो आयला बेटावर व्हिस्कीच्या डिस्टिलरीचा साहेब म्हणून आला. सगळं बेट डिस्टिलरी म्हणायचं, एफी मात्र भट्टीच म्हणायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिने भट्टीचे सात साहेब पाहिले होते. तिसरा सांगायचा, इथलं पीट, दलदलीतली ही जळाऊ माती, हजार वर्षं जाळलं तरी संपायचं नाही. हा सातवा ओंजळभर पीट हातात घेऊन डोळे ओले करायचा. बार्लीला धूर द्यायला आता निम्मं पीट पुरतं, म्हणायचा. भट्टीने दलदल सुकवायला तीस वर्षं नाल्या खणल्या, आणि आता त्याच नाल्या बुजवायला माणसं आणली होती. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

"शनिवारी पाहुणे येतील," टेनंट बूट उपसत म्हणाला. "गवताची पहिली साल तुमच्या हातून टाकायची. आणि दोन शब्द बोला. आमच्या पीट काढायच्या यंत्राने इथे काय करून ठेवलं ते स्पष्ट सांगा. आम्हांला काही लपवायचं नाही."

"तुम्हांला मिरवायचंय."

"दोन्ही एकदम होईल की."

हे उत्तर मात्र तिला आवडलं, पण तिने तसं दाखवलं नाही.

समोर तो काळा डाग पसरला होता, एका बाजूला भट्टीचं रान आणि दुसऱ्या बाजूला एफीचा पीट कापायचा चर. साठ पावलं लांब, वीस पावलं रुंद. कडेची एक पट्टी सोडली तर पंचेचाळीस वर्षांत त्यावर काडी उगवली नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो रोज दिसायचा, आणि आल्यागेल्याला ती तो दाखवायची. "यंत्राची करणी बघा."

"दलदल तपासायला आलीय ना, त्या आयल्साचा नकाशा आज पुरा होतोय," टेनंट म्हणाला. "नियम तुम्हांला ठाऊक आहेच. भट्टीने नासवलं ते भट्टी भरून देणार. ज्या घरांनी साल परत टाकली, त्यांचा चर त्यांच्याकडे. ज्यांनी नाही टाकली, त्यांचा बंद."

"ठाऊक कसा नसेल? गावच्या बैठकीत तो मीच सुचवला."

पीट कापण्याआधी जमिनीची वरची साल, गवत आणि हेदरच्या झुडपांसकट, फावड्याने सोलून काढायची. मग ती मागच्या वर्षीच्या खड्ड्याच्या तळाशी अंथरायची, गवत वर, मुळं खाली. म्हणजे जमीन पुन्हा धरते. आयलावर हे लहान मुलालाही सांगावं लागत नसे. मॅकनिव्हनांनी आळस केला, म्हणून मागच्या वर्षी त्यांचा चर बंद झाला. तेव्हापासून चर्चमध्ये एफी त्यांच्या बाकाकडे बघून नाक मुरडायची. आता बेटाच्या या टोकाला तिचा एकटीचाच चर उरला होता. तिच्या चुलीत दुसरं काही कधी जळलंच नव्हतं.

टेनंट एका कोरड्या आणि एका ओल्या बुटाने गाडीकडे गेला. डागाच्या मधोमध आयल्सा गुडघ्यांवर बसली होती. एडिंबराहून आलेली, सव्वीस वर्षांची, कोपरापर्यंत काळी. एफी काठी टेकत तिच्याकडे निघाली.

"काय गं पोरी, सकाळपासून उंदरासारखी उकरते आहेस. काही हाती लागलं का?"

"लागलं, एफीबाई." आयल्सा हसली नाही. "जरा बघता?"

तिने एक काळी लादी हलकेच उचलली. खालच्या अंगाला हेदरच्या दबलेल्या फांद्या होत्या, वरच्या अंगाला मुळं. कडा सुरीने कापल्यासारखी सरळ होती.

"इथून तिथपर्यंत सगळ्या साली अशाच आहेत. उलट्या. यंत्र साल सोलत नाही. ते खालून पीट ओढून घेतं आणि वर नुसती फट ठेवतं. हे फावड्याचं काम आहे."

एफीने लादीकडे पाहिलं नाही. तिने रानाकडे पाहिलं.

एकोणऐंशी सालचा वसंत. डूगल्डने भट्टीचं यंत्र चालवायची नोकरी धरली, आणि नवऱ्याची बातमी तिला दुकानात कळली. "पाठ मोडते गं माझी, एफी," तो म्हणाला होता. "मोडायची कशाला? भट्टीच्या दारात वाकली की पुरे," ती म्हणाली होती. मग तीन आठवडे तिने एकटीने पीट कापलं, घराला लागतं त्याच्या दुप्पट. प्रत्येक साल उलटी आपटली. यंत्रावर बसल्या जागेवरून त्याला दिसावी म्हणून. त्याला दिसलीही.

पुढे डूगल्ड वारला आणि दोनच महिन्यांनी कुणीतरी त्या डागाबद्दल विचारलं. "यंत्राने," ती म्हणाली. यंत्र कोण चालवायचं हे विचारणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही.

"एक गोष्ट मात्र कळत नाही," आयल्सा म्हणाली. "तुमच्या बाजूच्या कडेला हेदर आहे ना, ती पट्टी? तिथल्या बारा साली सुलट्या आहेत. त्याही आधी उलट्याच पडल्या होत्या, खाली खूण आहे. मग कुणीतरी एकेक उचलून नीट बसवल्या. बाराच. पुढे सोडून दिलं."

एफीने काठीवरची मूठ सैल केली, पुन्हा आवळली.

एकोणऐंशीच्याच जूनमध्ये एका रविवारी डूगल्ड गुडघ्यांपर्यंत काळा होऊन घरी आला होता. सहा दिवस यंत्रावर, सातवाच काय तो मोकळा. आणि रविवारी आयलावर कुणी फावड्याला हात लावत नसे.

"देवाच्या दिवशीसुद्धा भट्टीची चाकरी?" तिने विचारलं होतं. "लाज कशी वाटत नाही?"

त्याने हात धुतले, गार झालेले बटाटे खाल्ले. पुन्हा कुठल्या रविवारी तो घराबाहेर पडला नाही.

"नकाशावर काय लिहू?" आयल्साने हळूच विचारलं. "टेनंटसाहेबांनी यंत्राचं नुकसान म्हणून फलकसुद्धा रंगवून ठेवलाय. मी आता हे पुन्हा बुजवलं, तर..."

"तर तूही भट्टीवालीच."

आयल्साने लादी खाली ठेवली.

"काढ ती वही," एफी म्हणाली. "मॅकअफरांचा चर, बंद. साली उलट्या टाकल्या एफी मॅकअफरने. मॅकअफर घराने असं नको लिहू, एफीनेच. आणि त्या बारा डूगल्डने सुलट्या केल्या. त्याचं नाव नीट लिही."

"मग तुमची चूल?"

"माझ्या चुलीचं मी बघेन. लिही तू."

आयल्सा लिहू लागली. एफी पट्टीच्या टोकाशी गेली. काठी बाजूला टाकून ती एकेक गुडघा टेकत खाली बसली आणि बाराव्या सालीच्या शेजारी तिने दोन्ही हातांनी माती उकरायला सुरुवात केली.

"एफीबाई, राहू द्या. त्या मेल्या आहेत आता. सुलट्या करून काही उगवायचं नाही. वर नवं शेवाळं लावावं लागेल."

"मला सांगतेस होय?"

तेरावी साल निघता निघेना. निघाली तेव्हा दोन तुकडे झाले. तिने ते जुळवून बसवले, मुळं खाली, आणि तळव्याने दाबले.

"त्या टेनंटला निरोप दे," ती मान वर न करता म्हणाली. "शनिवारी मी बोलणार आहे. आणि जुने बूट घालून ये म्हणावं."

मग ती चौदावीकडे सरकली.