उत्तरेकडच्या पागोळ्या

मी एक जुनी किल्ली आहे. ज्या वर्षी थर्लो लोहाराला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी त्याने मला घडवले. रात्री मुली झोपू देत नसत, म्हणून दिवसा तो भात्यापुढे पेंगायचा. त्या पेंगेत माझा एक दात वाकडा राहिला. तेव्हापासून आमच्या चर्चचे दार माझ्याने कधी सरळ उघडले नाही. मला अर्धे फिरवायचे, दाराला गुडघा द्यायचा, मग उरलेले फिरवायचे.

मित्रांनो, मी चर्चसमोरच्या घरात, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर राहते. चर्च पाहायला आलेली माणसे तिथे मला मागायला येत. मी वीतभराहून लांब आहे. "ही किल्ली की नांगराचा फाळ?" असे म्हणून ती हसत. मला ते आवडायचे.

त्या घरात आधी रूबेन लेगेट राहायचा. तो कबरी खणायचा. मी त्याच्या कोटाच्या खिशात असायचे, म्हणून कोणाला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. त्या काळी बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळाला चर्चच्या आवारात जागा मिळत नसे. मग आईबाप लहानसे खोके घेऊन रूबेनच्या मागच्या दारी येत. तो काही विचारत नसे. पहाटे, पाद्रीबुवा उठायच्या आत, तो ते खोके उत्तरेच्या भिंतीलगत, वळचणीखाली पुरी. "पाद्रीबुवांनी पाणी नाही घातलं तर नाही," तो पुटपुटायचा. "देवाच्या छपरावरून पडतं तेही पाणीच." प्रत्येक जागी तो भिंतीच्या पायाशी एक पांढरी गारगोटी बसवी. हे, आणि कोणती गारगोटी कोणाच्या बाळाची ते, त्याने फक्त आपल्या मुलीला, हेस्टरला सांगितले आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली.

पुढे मी हेस्टरकडे आले. ती दर शनिवारी मला तेलाच्या चिंधीने पुसायची. तिच्याइतके मला कोणी जपले नाही.

एके वर्षी मे महिन्यात सिरिल कॅचपोल दारात आला. तो शेतकरी, आणि चर्चची देखभाल त्याच्याकडे.

"हेस्टर, किल्ली दे. उद्या माणसं येतायत. उत्तरेला पन्हळ लावायची आणि भिंतीलगत चर खणायचा."

हेस्टरने मला खिळ्यावरून काढले आणि मुठीत धरले. "चर नाही खणायचा."

"अगं, भिंत भिजून गेलीय! प्रार्थनेच्या पुस्तकांवर अळंबी उगवायची वेळ आली."

"उगवू दे. तुझ्या शेतात तरी दुसरं काय उगवतं?"

"पंचवीस वर्षं तुझं हे 'नाही' ऐकतोय. कारण तरी सांग!"

हेस्टरची मूठ एवढी घट्ट झाली की माझा वाकडा दात तिच्या तळव्यात रुतला. बापाला दिलेला शब्द मोडायचा, की उद्या कुदळी चालू द्यायच्या?

सिरिलच्या मागे एक म्हातारी पाहुणी कधीची उभी होती. हातांवर हातमोजे, मुठीत रानफुलांची जुडी.

"मध्ये बोलते, माफ करा. मी आयव्ही गॅरड. तुम्ही रूबेन लेगेटांची मुलगी ना? चोपन्न वर्षांपूर्वी मी इथल्या मळ्यावर कामाला होते. माझं बाळ एक तासही जगलं नाही. ते मी तुमच्या वडलांच्या हाती दिलं. ते एवढंच म्हणाले, 'पोरी, तो ओला राहील.' मला वाटलं, नेऊन दलदलीत टाकणार. चोपन्न वर्षं मी त्याला चिखलातच पाहतेय, बाई. तो कुठं आहे, तेवढं सांगा."

हेस्टरने मला खिशात टाकले. मग म्हणाली, "बाबांना धड बोलताच यायचं नाही. चला. सिरिल, तूही चल. आणि टोपी काढ."

भिंतीच्या पायाशी अकरा पांढऱ्या गारगोट्या होत्या. शेकडो वर्षांच्या पागोळ्यांनी तिथल्या मातीत ओळीने खळगे पाडले होते. हेस्टर सहाव्या गारगोटीपाशी थांबली.

"हा तुमचा. ओला म्हणजे पागोळ्यांखाली. बाप्तिस्मा मिळत राहील, असं म्हणायचं होतं त्यांना."

आयव्हीबाई शेवाळावर गुडघे टेकून बसल्या. त्यांनी हातमोजा काढला आणि खळग्यात बोटे घातली.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "ओलं आहे."

सिरिल टोपी चुरगाळत उभा होता. "हेस्टर," तो हळूच म्हणाला, "माझ्या आधी आईचं एक..."

"नववा," हेस्टर म्हणाली.

पन्हळ लागली नाही की चर खणला गेला नाही. सिरिलने पुस्तकांचे कपाट स्वतः ओढून दक्षिणेच्या भिंतीला लावले.

आता दाराला नवे, छोटे कुलूप आहे. माझ्यावर गंज चढतो, आणि शनिवार येतो तसा जातो. मित्रांनो, जुन्या जागी जाल तेव्हा तिथली ओल, तिथला वाकडेपणा दुरुस्त करायची घाई करू नका. आधी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि ती गप्प बसली तर थोडे थांबा.

आयव्ही गॅरड त्याच वर्षी नाताळाच्या आठवडाभर आधी वारल्या. हेस्टर लेगेट १९८१ सालच्या मार्चच्या तीन तारखेला, मंगळवारी सकाळी वारली.