दोन बोटं जास्त

विहीणबाईंचा फोटो आला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निर्मलाबाई सॅन फ्रान्सिस्कोला धाकट्या लेकीकडे नातवाच्या बारशाला गेल्या होत्या. जाईनात का. पण त्यांच्या मांडीवर बसली होती रेणू! सिडनीला राहणाऱ्या माझ्या भूषणची दीड वर्षाची मुलगी, जिला मी अजून हातात घेतलेलं नाही. माझ्या हातच्या कोसा रेशमाचं झबलं पोस्टानं सिडनीला गेलं. मांडी मात्र निर्मलाबाईंची.

दिवाळीला भूषण म्हणाला होता, "आई, आपली मोहाडी लय दूर पडते. एवढंसं लेकरू इतका वेळ विमानात नाही बसत." मला ते पटलं होतं. मग तेच लेकरू अमेरिकेपर्यंत कसं बसलं?

मी धागा घेतला आणि भिंतीवरच्या नकाशावर मोजायला लागले. सिडनी उजव्या टोकाला, अमेरिका पार डाव्या.

"तसं नाही मोजत," हे हातमागावरून म्हणाले. बायकोची बाजू घेणं ह्यांना कधी जमलंच नाही. "पृथ्वी गोल हाय. विमान मांगून जाते, समुद्रावरून."

भूषणचा सातवीतला पृथ्वीचा गोल माळ्यावर होता. बुडाशी त्याच्याच अक्षरात लिहिलेलं, घेर ४०,००० किमी. मी गोलाच्या कमरेभोवती धागा एकदा गुंडाळून तोडला आणि त्याच्या चार घड्या घातल्या. एक घडी दहा हजारांची, मोजून दहा बोटं भरली. मागून अमेरिका जवळ निघाली असती, तर निर्मलाबाईंवर जळायलासुद्धा मला तोंड उरलं नसतं.

सिडनीहून आमच्या जवळचं नागपूर एका घडीत आलं. सॅन फ्रान्सिस्कोला घडी पुरेना, वर दोन बोटं धागा लागला.

"पाहा! अमेरिकाच दूर हाय! दोन हजार किलोमीटर जास्त!"

"इकडं याले विमान बदलावं लागते न."

"मंग? आपण मोहाडीवरून पवनीले जातो तं भंडाऱ्याले एस्टी नाही बदलत?"

ह्यांनी माग थांबवला. "बरं, तू जिंकली. आता त्याले काय सांगशीन?"

तेवढ्यात भूषणचाच फोन आला, अमेरिकेहूनच. मागून रेणूचा गोड आवाज आला, "आजी!" मी घाईघाईनं "ओ" दिली. पण पावलं दुसरीकडेच धावत गेली आणि निर्मलाबाईंचं हसू ऐकू आलं. मला तो फोन आपटावासा वाटला.

"आई, उन्हाळ्यातही जमत नाही वाटते," भूषण म्हणाला. "लय दूर पडते न."

धागा माझ्या बोटाला गुंडाळलेलाच होता. एका वाक्यात त्याला गप्प केलं असतं. पण दूर पडत नाही म्हटल्यावर त्यानं खरं कारण सांगितलं असतं, तर?

"हो रे बाबा," मी म्हटलं. "लय दूर हाय."