शुक्रवारच्या ताटातली रिकामी बाजू

“कामाला माणूस मिळत नाही हो हल्ली,” ही रड मोरोक्कोतल्या मेक्नेस शहरात कुठल्याही घरी ऐकायला मिळते. बतूल बाईसाहेबांच्या, म्हणजे लाल्ला बतूलच्या घरी तर हक्काचं माणूस होतं, तरी रड होतीच. तीस-बत्तीस वर्षं फरशा पुसून सादियाचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि सूनबाई गिझलानला नुकतंच दुसरं बाळ झालं होतं.

“सादिया, तुझ्या भावाची ती तूदा आहे ना, तिलाच बोलावू या,” गिझलान म्हणाली. “तुझ्या हाताखाली तयार होईल. लेकीसारखी ठेवू आम्ही तिला.”

‘लेकीसारखी’ हा शब्द ऐकला आणि भांडी घासणारा हात थांबला. सादियाचं खरं नाव इत्तो. डोंगरातलं हे नाव शहरात शोभत नाही म्हणून लाल्लानं पहिल्याच दिवशी तिचं नवं बारसं करून टाकलं होतं. आई बाळंतपणात गेली, दुष्काळात मेंढ्या गेल्या, आणि नऊ वर्षांच्या पोरीला बापानं या दारात आणून सोडलं. तेव्हा लाल्लानंही हेच म्हटलं होतं, लेकीसारखी राहील म्हणून. ओट्यापर्यंत हात पोचेना, तेव्हा पालथ्या बादलीवर उभी राहून ती भांडी घासायची. सकाळी लाल्लाच्या मुलाचं, अनवारचं, दप्तर शाळेच्या फाटकापर्यंत न्यायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. फाटकाच्या आत काय असतं, हे तिला कधी कळलंच नाही.

“पोर शाळेत हुशार आहे म्हणतात, वहिनी,” इत्तो हळूच म्हणाली.

पण गिझलाननं परस्पर इत्तोच्या भावाला, मोहाला, फोन लावला होता. शुक्रवारी दुपारी मोहा पोरीला घेऊन दारात हजर.

इत्तोनं त्याला अंगणातच गाठलं. “काय रे, ही चौथी-पाचवी सगळी पास झाली ना? पुढं का नाही घातलीस?”

“पुढची शाळा लांब. तिथं मुलींचं वसतिगृह आहे म्हणा, पण कशाला? तू इथं सुखात आहेस, तीही राहील.”

“मी सुखात आहे, असं तुला कुणी सांगितलं? तू विचारलंस कधी?”

मोहा टोपी चाचपत राहिला. तेवढ्यात आतून लाल्लाची हाक आली, “अरे, बस जेवायला. शुक्रवारी आलेला पाहुणा उपाशी जात नाही या घरातून.”

दुपारची नमाज आटोपून अनवार, गिझलानचा नवरा, आला होता. इत्तोनं कुसकुसाचं, म्हणजे वाफवलेल्या गव्हाच्या रव्याचं, मोठं ताट आणून मधोमध ठेवलं. वर भोपळा, सलगम, हरभरे आणि मधोमध मटण. शेजारी ताकाचा तांब्या. सगळ्यांनी एकाच ताटात आपापल्या बाजूनं जेवायचं, ही रीत. ताट ठेवून इत्तो नेहमीसारखी मागं सरकली. ताटात मागं उरेल ते तिचं, आणि तेही आत स्वयंपाकघरात.

तूदानं हात धुतले, ‘बिस्मिल्ला’ म्हटलं आणि बापाशेजारी ऐसपैस मांडी घातली.

“अगं पोरी, तुझं आत आहे,” गिझलान म्हणाली.

पोरीला काही उमगेना. तिनं मटणाचा एक तुकडा तोडला आणि ताटाच्या रिकाम्या बाजूला ठेवला. “इत्तो आत्या, ये ना. तुझी बाजू रिकामीच आहे.”

“इत्तो कोण?” गिझलाननं विचारलं. आठ वर्षं झाली होती तिला या घरात येऊन.

“ही काय, माझी आत्या! आत्या, तू आत एकटीच जेवतेस? आमच्याकडे मेंढ्या राखणारा परका माणूससुद्धा ताटाला बसतो.”

मोहाचा घास हातातच राहिला. बहिणीच्या घरचा पाहुणा म्हणून तो मानानं बसला होता, आणि बहीण भिंतीला टेकून उभी होती. त्याला मान वर करवेना.

इत्तो पुढं आली.

“लाल्ला, मीसुद्धा पहिल्या शुक्रवारी अशीच बसले होते. तुम्ही दंडाला धरून उठवलंत. रागावला नाहीत, हसलात. मी तापानं फणफणले तेव्हा रात्रभर उशाशी बसलात, तेही मी विसरले नाही. पण लेकीसारखी म्हणालात ना? तुमच्या कुठल्या लेकीनं दुसऱ्याचं दप्तर वाहिलं? कुठल्या लेकीचं नाव बदललंत? ही पोर इथं कामाला राहिली, तर मी राहणार नाही. आत्ता तिचा हात धरून निघेन.”

“आणि बाळाचं कोण बघणार?” गिझलान पुटपुटली.

“ज्यांचं बाळ ते बघतील, आणि एखादी मोठी बाई ठेवू, ठरल्या वेळेपुरती,” लाल्ला म्हणाली. म्हातारीचे डोळे भरून आले होते. “अनवारची दुखरी दाढसुद्धा मला कळायची. ही काय खाते, किती खाते, मी कधी पाहिलंच नाही.” तिनं आपली गादी बाजूला सारली. “इत्तो, इथं बस.”

“आधी पोरीचं बोला.”

“शाळेत जाईल, वसतिगृहात राहील. सोमवारी अनवार गाडीनं पोचवेल.” लाल्लानं मुलाकडं पाहिलं. “आणि दप्तर तू उचलायचंस रे.”

अनवार मान खाली घालून म्हणाला, “उचलतो, आई.”

तेव्हा कुठं इत्तो बसली. तूदानं ठेवलेला तुकडा गार झाला होता. तो तिनं सावकाश खाल्ला.

सोमवारी शाळेच्या फाटकापाशी अनवार दप्तर घेऊन पुढं चालला होता. इत्तो पुन्हा एकदा रिकाम्या हातानं फाटकाशी आली होती. या वेळी तूदानं तो हात धरला आणि तिला आत घेऊन गेली.

मंडळी, घरात राबणाऱ्या बाईला ‘अगदी घरच्यासारखी’ म्हणायला आपलं काही जात नाही. पण ती कुठं बसते, कशात जेवते, तिला तिच्या नावानं कोण हाक मारतं, एवढं एकदा बघा. आणि ज्या हातात पुस्तक असायला हवं, त्या हातात आपल्या घरची भांडी देऊ नका. लेक म्हणायचं असेल, तर आधी तिला शाळेत धाडा.