मागचं फाटक

वसंत आला की घोडे केस टाकायला लागतात, आणि मग त्या घरात चहात केस, उशीवर केस, बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर केस. थंडीतली दाट लव खराऱ्याखाली गठ्ठ्यागठ्ठ्यानं निघायची, वाऱ्यावर अंगणभर पसरायची, आणि चिमण्या ती चोचीत धरून तबेल्याच्या वळचणीला पळायच्या. थोरली दरवर्षी त्या केसांच्या नावानं बोटं मोडायची आणि धाकटी म्हणायची, "असू दे गं ताई, चिमण्यांची पोरं उबेत वाढतील." यंदा बोटं मोडायला थोरली होती, पण 'असू दे' म्हणायला कोणी नव्हतं.

दोघी बहिणी. वडिलांच्या मागे दहा घोडे, दोन कुरणं आणि टेकडीला वळसा घालून येणारी दोन तासांची वाट त्यांच्याकडे आली. शहरातून माणसं यायची, घोड्यावर बसून टेकडी फिरायची, दुसऱ्या दिवशी मांड्या धरून चालायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायची. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. मला कोणी पटलं नाही आणि हिला कोणी विचारलं नाही, असं थोरली सांगायची. यातला दुसरा भाग खोटा निघाला.

नालबंद दर सहा आठवड्यांनी यायचा. चाळीस खूर तासायचा, नाल ठोकायचा, कपभर चहा प्यायचा आणि जायचा. नऊ वर्षं हे असंच चाललं. माणूस विधुर, अबोल, सदा घोड्याच्या पायाशी वाकलेला. त्याची मान वर कधी झाली आणि धाकटीशी नजरानजर कधी झाली, हे दहा घोड्यांना ठाऊक असेल, थोरलीला नव्हतं. हिवाळ्यात धाकटीनं सांगून टाकलं. वय वर्षं अठ्ठेचाळीस, आणि सांगताना कानांच्या पाळ्या लाल.

"जा की," थोरली म्हणाली. "तुझ्यावाचून इथे काही अडणार नाही."

तिच्या नाकावर राग कायमच असायचा, पण हे वाक्य रागाचं नव्हतं. 'असं काय बोलतेस ताई' एवढं उत्तर यावं, यासाठी ते होतं. उत्तर आलं नाही. धाकटी गेली. गाडीनं चाळीस मिनिटांच्या गावात नालबंदाचं दोन खोल्यांचं घर, तिथे. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा.

"सगळं ठीक?"

"ठीक."

"मावशी?"

"ठीक."

आणि थोरली फोन ठेवायची. असे बारा रविवार झाले होते.

मावशी म्हणजे घोडी. तांबूस, रुंद पाठीची, धाकटीची लाडकी. रांगेत ती सगळ्यांत शेवटी चालायची आणि पुढचं कोणी रेंगाळलं की नाकानं ढकलायची, म्हणून नाव मावशी. म्हातारी व्हायच्या आत तिला एक शिंगरू व्हावं, ही धाकटीची हौस. गेल्या वसंतात मावशी गाभण राहिली, अकरा महिने धाकटीनं बोटांवर मोजले, आणि दिवस भरत आले तेव्हा नेमकी तीच इथे नव्हती. जाताना तिनं एवढंच मागितलं होतं. "कळव हं ताई. चिन्हं दिसली की लगेच. मी असेन तशी येईन."

"कळवीन," थोरली म्हणाली होती.

त्या शनिवारी सकाळी मावशीच्या सडांवर मेणासारखे थेंब दिसले. म्हणजे आज नाही तर उद्या. थोरलीनं फोन हातात घेतला, जरा वेळ तसाच धरला आणि पुन्हा खिडकीत ठेवून दिला. उद्या रविवार. उद्या फोन आला की सांगायचं, 'शिंगरू झालं काल, उभं राहिलं, दूध प्यायलं. ठीक आहे सगळं.' हे वाक्य तिनं आठवडाभर मनात घोळवलं होतं. क्षुद्रपणा होता हा, आणि तो तिचा तिलाही कळत होता. पण बारा रविवार 'ठीक' म्हणून झाल्यावर तेराव्याला 'ये' म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं.

शिवाय त्या दिवशी मोसमातली पहिली माणसं येणार होती. दातांची एक डॉक्टर आणि तिचा नवरा. डॉक्टरीण चटपटीत होती. पोटाखालचा तंग किती आवळायचा, पाय ठेवायची रिकीब किती लांब सोडायची, सगळं विचारून घेतलं तिनं. नवरा खोगिरावर बसल्यापासून श्वास रोखून होता. थोरली तिच्या करड्या घोड्यावर, मास्तरवर, सगळ्यांत पुढे. मध्ये नवरा, मागे डॉक्टरीण.

वाट घराजवळच्या कुरणातूनच निघते आणि कुरणाच्या टोकाला पहिलं फाटक आहे. फाटकाची त्यांची एक पद्धत होती. थोरलीनं मास्तरवर बसल्या बसल्या साखळी काढायची, फाटक लोटायचं आणि पार होऊन थांबायचं. मागून सगळे यायचे. शेवटी धाकटी यायची, फाटक लावायची आणि हाळी द्यायची, "लावलंऽ गंऽ!" मग थोरलीनं मागे न बघता हात वर करायचा आणि निघायचं. सव्वीस वर्षांत तिनं एकदाही मान वळवली नव्हती. गरजच पडली नव्हती.

त्या दिवशीही तिनं साखळी काढली, फाटक लोटलं, पार झाली आणि थांबली. दोघं आली. तिनं हात वर केला आणि मास्तरला टाच दिली. हाळी आलीच नाही, हे तिला जाणवलं नाही. कानांना इतकी सवय की न आलेला आवाजही त्यांनी ऐकून घेतला. मागे फाटक सताड उघडं होतं, आणि कुरणात, पोट सांभाळत उभी असलेली मावशी रांगेकडे बघत होती.

वाट मात्र सुरेख झाली होती. डबकी आटत आली होती, उतारावर कोवळं गवत, झुडपांना बोटभर लांबीची नवी पानं. थोरलीला यातलं काही दिसत नव्हतं. ओढ्यापाशी ती नेहमीसारखी थांबली आणि नेहमीचा विनोद तिनं सांगितला. "मास्तरला पोहता येतं, मला येत नाही. पडलात तर त्याला हाक मारा." या विनोदाला धाकटी सव्वीस वर्षं मागून खो खो हसत आली होती, आणि ती हसते म्हणून माणसंही हसायची. आज डॉक्टरणीचा नवरा म्हणाला, "पडतं का इथे कोणी?" आणि खोगीर आणखी घट्ट धरलं. विनोद फारसा बरा नव्हता, हे थोरलीला त्या ओढ्यात कळलं.

पुढचा चढ लागला. तिला करमत नव्हतं. हिवाळाभर तिनं याला थकवा म्हटलं, सर्दी म्हटलं, गुडघे दुखतात म्हटलं. एकटी जेवायला बसली की ती दोन ताटं काढायची आणि एक परत ठेवायची. तबेल्यात मोठ्यानं बोलायची, म्हणजे आपल्या आवाजाला गंज चढणार नाही.

टेकडीच्या माथ्यावर दुसरं फाटक. साखळी काढली, पार झाली, थांबली. एक घोडा आला, दुसरा आला. मग आणखी चार टापा वाजल्या.

"एक विचारू?" डॉक्टरीण म्हणाली. "मागचा घोडा रिकामा का असतो?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा थोरलीनं मान वळवली.

रांगेच्या शेवटी, आपल्या जागेवर, मावशी उभी होती. पाठीवर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही, अंग घामानं काळं पडलेलं. तिनं डॉक्टरणीच्या घोड्याला नाकानं ढकललं, फाटकातून आत आली आणि पुढच्या पायानं जमीन उकरू लागली.

"खालपासून येतेय ती," डॉक्टरीण म्हणाली. "मला वाटलं, तुमची पद्धतच असेल."

थोरली खाली उतरली तोवर मावशी आडवी झाली होती आणि पाणी गेलं होतं. एवढा चढ, या दिवसांत, आणि थोरलीनं, आपल्याच हातांनी, फाटक उघडं टाकलं होतं. पशुवैद्य दीड तासावर. घोडीला इतका वेळ नसतो. तिनं शेपूट बाजूला केली. खूर दिसायला हवे होते दोन, वर नाक. नाक होतं. खूर एकच होता.

आजवर अशा वेळी ती डोक्याकडे असायची, घोडीला कुरवाळत, धीर देत. शेपटीकडे धाकटी. पुढचं सगळं थोरलीचं आणि मागचं सगळं धाकटीचं, अशी त्यांची वाटणीच होती, न बोलता झालेली. मागचं काही तिला येतच नव्हतं.

माथ्यावर फोन लागतो. तिनं लावला.

"ताई?" धाकटी लगेच म्हणाली. शनिवारी ताईचा फोन म्हणजे काय, हे तिला सांगायला लागलं नाही. "मावशी?"

"दुसऱ्या फाटकापाशी आडवी झालीय. खूर एकच दिसतोय."

"वर? वर कशी आली ती?"

"फाटक उघडं राहिलं. माझ्याकडून. मी हात वर केला आणि निघाले."

धाकटीचा आवाज आला, एकदम सरळ, कामाचा. "फोनचा आवाज मोठा कर आणि कोणाकडे तरी दे. बाह्या वर कर. डोकं कोण धरणार?"

"मी धरते," डॉक्टरीण गुडघ्यावर बसत म्हणाली. "तोंडांची सवय आहे मला."

नवऱ्यानं फोन धरला.

"एक पाय गुडघ्यात दुमडलाय, ताई. कळ थांबली की शिंगराला हळूच मागे लोट. कळ असताना नको. थांबली?"

"थांबली."

"हात आत घाल. खूर सापडला? तळहातात घे तो, पुरता झाक, नाहीतर आत फाटेल काहीतरी. आता वर आणि पुढे."

"येत नाहीये."

"येतो. मला सहा वेळा आलाय, तुला एकदा येईल. घाई नको करूस गं, तू फार घाई करतेस."

एरवी थोरलीनं यावर चार शब्द सुनावले असते. आता ती नुसती "हो" म्हणाली. हात खांद्यापर्यंत आत, गाल मावशीच्या ओल्या मांडीला टेकलेला. मग काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि दुसरा खूर पहिल्याशेजारी आला. पुढच्या दोन कळांत शिंगरू गवतावर होतं. ओलं, काळपट, सगळे पायच पाय. डॉक्टरणीचा नवरा सगळ्यांच्या आधी रडला.

"ताई? ताई, बोल ना!"

"पोरगी झालीय," थोरली म्हणाली. "श्वास घेतेय." आणि तिनं बाहीनं शिंगराचं नाक पुसलं.

तासाभरात नालबंदाची गाडी मागच्या कच्च्या रस्त्यानं माथ्यावर पोचली. धाकटी घरच्या चपलांवरच आली होती. तिनं आधी शिंगराच्या तोंडात बोट घालून चोखतं का पाहिलं, मग मावशीच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली. उघड्या फाटकाबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. नालबंदानं शिंगराचे चारी खूर न्याहाळले आणि म्हणाला, "चव्वेचाळीस झाले." त्या दिवसात तो एवढंच बोलला.

शिंगरू पायांवर उभं राहून चालायला लागल्यावर सगळे मिळून टेकडी उतरले; डॉक्टरीण आणि तिचा नवरा शिंगराला बघत बघत, हळूहळू. संध्याकाळी मावशी तबेल्यात होती, शिंगरू दूध पीत होतं, आणि तिघं स्वयंपाकघरात चहा पीत होती. चहात केस होता. थोरलीनं तो बोटानं काढला.

"राहू का आज?" धाकटीनं विचारलं.

थोरलीला 'राहा' म्हणायचं होतं. तिनं धाकटीच्या बोटातल्या नव्या अंगठीकडे पाहिलं, आणि दाराशी टोपी हातात धरून उभ्या असलेल्या नालबंदाकडे. नऊ वर्षं बिचारा एका कपात निघून जायचा.

"नको. जा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मला करमत नाही गं. तुझ्यावाचून अडतं."

"माहितेय," धाकटी म्हणाली. "रविवारी 'ठीक' म्हणायचीस ना, तेव्हा रडू यायचं मला." तिनं कप विसळला आणि नेहमीच्या खिळ्याला अडकवला. "येईन मी. पण राहायला नाही, ताई."

"हो. ते कळलं मला."

गाडी निघाली. थोरली अंगणात उभी राहिली. रस्त्यावरच्या फाटकातून गाडी पार झाली आणि थांबली, धाकटी खाली उतरली. मग थोरलीनं, आयुष्यात पहिल्यांदा, बहीण फाटक कसं लावते ते पाहिलं. इथल्या सगळ्या फाटकांसारखी याचीही बिजागरी खचलेली असल्यामुळे ते गुडघ्यानं उचलावं लागत होतं. ती खांद्यानं रेटत होती, साखळीला दोन वेढे देत होती, आणि ओढून बघत होती. बरंच काम होतं. सव्वीस वर्षं रोज ती हे करत आली होती आणि पुढे बसलेल्या बहिणीला पत्ता नव्हता.

"लावलंऽ गंऽ!" धाकटीनं फाटकापलीकडून हाळी दिली.

थोरलीचा हात आपोआप वर गेला. हात वर झाला की निघायचं, पण आज तिला कुठेच निघायचं नव्हतं. गाडी वळणाआड जाईपर्यंत तिनं तो तसाच वर धरून ठेवला.