कंपनशोषक आधारप्रणाली, म्हणजे मीच

मी एक केबल टाय बोलतोय. हो, तीच ती दातेरी प्लास्टिकची पट्टी, जिचं शेपूट डोक्यातून ओढलं की कर्रकन आवळली जाते. तुमच्या टीव्हीमागच्या तारांच्या गुंत्यात माझे भाऊबंद असतील. कधी वाकून बघितलंय? नसेलच. पण माझ्याशी जरा अदबीनं वागा. मला एकदा बायोडेटात जागा मिळाली होती, आणि तीही अशा थाटाची की मला स्वतःलाच माझी ओळख पटेना.

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. साच्यात प्लास्टिक ओतलं, आम्ही शंभर जण एका दमात जन्मलो आणि एकाच पिशवीत भरले गेलो. ती पिशवी कोइम्बतूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या रोबोटिक्स टीमनं आणली. कॉलेजच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये अठरा पोरंपोरी मिळून एक यांत्रिक हात बनवत होती. टोमॅटो न चेंगरता उचलायचा आणि पेटीत ठेवायचा, एवढंच त्या हाताचं काम. तुमची चार वर्षांची नात ते खेळता खेळता करील. या अठरा जणांना पाच महिने लागले.

त्यांतली एक याळिनी. तिसऱ्या वर्षाला होती, तारा जोडायचं काम तिच्याकडे. शेडमध्ये सगळ्यांच्या आधी यायची, आणि फोटो काढायच्या वेळी नेमकी टेबलाखाली असायची. टीमचा कप्तान कदिरवन, तिच्याहून एक वर्ष पुढे. त्याचे हात फारसे काळे झालेले मी पाहिले नाहीत, पण तोंड मात्र अखंड चालू.

चेन्नईला स्पर्धा होती. आमची पाळी यायला वीस मिनिटं उरली आणि हाताच्या पंजातली एक धातूची पट्टी कट्कन तडकली. त्या पट्टीवर सेन्सर बसवलेला. वस्तू किती जवळ आली हे तो पंजाला सांगतो, तेव्हा पंजा मिटायचा थांबतो. सेन्सरच लोंबायला लागल्यावर कदिरवनच्या तोंडचं पाणी पळालं. तो देवाचं नाव घेत बसला.

याळिनीनं देवाला त्रास दिला नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं. सांबार सांडू नये म्हणून तिच्या अम्मानं जेवणाच्या डब्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक कडं चढवलं होतं. ते तिनं काढलं, सेन्सरच्या खाली घडी करून घातलं, पिशवीतून मला उपसलं आणि जीव खाऊन आवळलं. माझं शेपूट दातानं तोडलं. (हे मला आवडलं नाही.) मग काय सांगू! हातानं एकामागून एक टोमॅटो असे अलगद उचलले की खुद्द टीमच बघत राहिली. तिसरा नंबर आला.

घरी परतल्यावर नवी, जाड धातूची पट्टी बनवून आणली गेली आणि खोक्यात पडून राहिली. चालतंय ना, मग कशाला हात लावा, असं सगळ्यांचं मत. मी आपला पंजात ऐटीत बसून होतो.

मग आला इंटर्नशिपचा मोसम. तुम्हाला माणसांची गंमत बघायची असेल तर या दिवसांत बघा. मुलं शेडमध्ये बसून बायोडेटा लिहायची आणि मी पंजातून ऐकायचो. जो रोज चहा आणायचा त्यानं ‘साधनसामग्री व्यवस्थापन’ लिहिलं. जो एकदाच आला होता त्यानं ‘टीमचं नेतृत्व’ लिहिलं. असं नेतृत्व मी मोजून बारा जणांच्या कागदावर ऐकलं.

याळिनीनं मात्र लिहिलं होतं, ‘तारा जोडल्या. सेन्सर बांधला.’ त्या कागदाला आठवडेच्या आठवडे एकच उत्तर येत होतं : अर्ज मिळाला, योग्य वाटल्यास कळवू. तिकडे घरात ठरलेलं होतं, सुट्टीत इंटर्नशिप मिळाली नाही तर ईरोडला मामाच्या साड्यांच्या दुकानात बसायचं. मामाचा फोन शेडमध्येच आला.

“अगं, सोमवारपासून ये. घडी घालायला शीक. यंत्रं काय, कुठे पळून जातायत?”

“मामा, अजून चार ठिकाणचं उत्तर यायचंय.”

“येऊ दे की. साड्या बघत बघत वाट बघ.”

फोन ठेवल्यावर तिचं तोंड एवढंसं झालं. कदिरवनला बंगळूरला जागा मिळालेली, त्यामुळे तो आता सगळ्यांचा सल्लागार झाला होता. त्यानं तिचा कागद ओढून घेतला आणि कपाळाला हात लावला.

“सेन्सर बांधला? हे काय, गाठोडं आहे? असं लिहिल्यावर कोण बोलावणार तुला?”

“मग बांधलाच होता ना, अण्णा.”

“तू गप्प बस. लिही... ‘कंपनशोषक लवचीक आधारप्रणालीची संकल्पना, रचना आणि चाचणी.’”

“चाचणी कधी केली आपण?”

“चेन्नईला टोमॅटो उचलले, ती काय मग?”

तिनं ओठ चावला, पण लिहिलं. मी तर फुगून फुटायच्या बेतात होतो. कंपनशोषक! लवचीक! मी! राईचा पर्वत व्हायला मोहरीची काय हरकत असणार?

आणि चौथ्या दिवशी बोलावणं आलं. कोइम्बतूरमधल्याच सिंगानल्लूर भागातल्या एका पंपाच्या कारखान्यातून. ‘तुमची आधारप्रणाली सोबत आणावी.’

तिथे चाचणी विभागाच्या प्रमुख होत्या देवानै मॅडम. पन्नाशीच्या पुढच्या, केसांत मोगरा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तरुणपणी याच कारखान्यात मोटरमधली तारेची वेटोळी गुंडाळायच्या कामाला लागल्या आणि चढत चढत इथवर आल्या. याळिनीनं यांत्रिक हात टेबलावर ठेवला, सुट्या भागांचं खोकं शेजारी ठेवलं, बॅटरी जोडली. नाश्त्याच्या बशीत चार मेदूवडे होते. पंजानं त्यांतला एक अलगद उचलून दुसऱ्या बशीत ठेवला. मॅडमनी तो खाल्ला आणि कागद हातात घेतला.

“कंपनशोषक,” त्या एकेक अक्षर चघळत म्हणाल्या. “तीस वर्षं झाली, या पंपांची थरथर कमी करायला मी जिवाचं रान करतेय. तू कॉलेजात बसून केलंस म्हणतेस. दाखव बाई, कुठंय?”

याळिनीचं बोट एकदा मोटरकडे गेलं, एकदा तारांकडे. मग निमूटपणे माझ्यावर आलं.

“हे.”

“केबल टाय?”

“आणि खाली सायकलची ट्यूब. डब्यावरची.”

मॅडम माझ्याजवळ इतक्या वाकल्या की त्यांच्या चष्म्यात मला माझंच तुटकं शेपूट दिसलं. अशा वेळी माणसं खाली बघतात. मला तीही सोय नाही.

“बरं. हे चालतं का?”

“चालतं, मॅडम. आत्ताच वडा...”

“चालतं ते दिसलं. का चालतं?”

याळिनीनं कदिरवनचे दोनचार मोठे शब्द आठवून बघितले. मग सोडून दिले.

“माहीत नाही.”

“इथे चाचणी केली असं लिहिलंय.”

“आमच्या कप्तानानं...” ती थांबली. “मीच लिहिलंय. केली नाही.”

मॅडमनी कागदाची घडी घातली. “दोन रस्ते आहेत. हात चालतोय, तेवढ्यावर घरी जा, आम्ही कळवू. नाहीतर मी जेवून येईपर्यंत शोधून काढ. कात्री त्या खणात आहे.”

त्या गेल्या. आता हे ‘आम्ही कळवू’ म्हणजे काय, ते याळिनीला चांगलं पाठ झालं होतं. पण हात चालत होता, एवढीच तर तिची जमेची बाजू. मला कापलं आणि काहीच हाती लागलं नाही, तर मोडका हात घेऊन बसनं घरी, आणि सोमवारी ईरोड. तिनं कात्री उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मी मनात म्हणत होतो, पोरी, वेडेपणा करू नकोस. चालत्या गाडीला कशाला खीळ घालतेस!

कट्. झालं. मी टेबलावर पडलो. इथून पुढचं मी आडवा पडूनच बघितलं.

तिनं खोक्यातली ती धातूची पट्टी बसवली, सेन्सर आवळला आणि मोटर चालू केली. पंजा दुसऱ्या वड्याकडे गेला, मिटला, मिटतच राहिला. वड्याची चटणी झाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बघा, माझ्यावाचून अडतं की नाही! तिनं मात्र चटणीकडे पाहिलंच नाही. तिनं चालू मोटरजवळच्या पट्टीवर बोट टेकवलं, मग सेन्सरवर, आणि डोळे मिटून उभी राहिली. मोटरची सगळी थरथर धातूतून थेट सेन्सरमध्ये जात होती, आणि थरथरणारा सेन्सर भलतंच सांगत होता.

मग तिनं कारखान्यातलाच एक नवा टाय घेतला आणि ट्यूब न घालता सेन्सर नुसता बांधला. मी म्हटलं, आता बघा आमच्या जातीची करामत. तिसरा वडाही फुटला. जरा कमी, पण फुटला.

शेवटी तिनं ते कडं खाली घातलं, वर टाय आवळला. चौथा वडा जसाच्या तसा उचलला गेला.

म्हणजे माझं काहीच नव्हतं हो! सगळी करामत त्या कळकट ट्यूबच्या कड्याची. मी नुसता धरून बसलो होतो. इतके महिने मिरवलेली माझी शेखी तिनं अर्ध्या तासात उतरवली, आणि वर हसत होती. शेडमध्येसुद्धा तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मॅडम परत आल्या तेव्हा बायोडेटातल्या त्या ओळीवर काट होती आणि खाली पेनानं लिहिलेलं होतं : ‘सेन्सरखाली रबर घातलं. मोटरची थरथर वर जायची थांबली. तीनदा करून पाहिलं, दोन वडे फुटले.’

मॅडमनी ते वाचलं. फुटलेल्या वड्यांची बशी तिच्यापुढे सरकवली. “हे आधी संपव. अन्न आहे. आणि सोमवारी सकाळी साडेसातला ये. पायांत बूट हवेत, चपला चालणार नाहीत.”

याळिनीनं घास तोंडात असतानाच अम्माला फोन लावला, आणि दोघी फोनवर इतक्या रडल्या की मॅडमना पाण्याचा पेला पुढे करावा लागला. या गडबडीत मी टेबलावरच राहिलो.

सोमवारी ती आली. नवे बूट करकरत होते. नव्या माणसाला मिळतं ते पहिलं काम तिलाही मिळालं, टेबलं साफ करायचं. तिनं ब्रश फिरवला, धातूच्या किसाबरोबर मला हातात घेतलं. माझं काळीज धडधडलं, म्हणजे असतं तर धडधडलं असतं. आता ओळखेल, म्हटलं, खिशात घालेल, जपून ठेवेल.

“अक्का, हा कचरा कुठे टाकू?” तिनं शेजारच्या टेबलावरच्या कामगार बाईला विचारलं.

ज्यानं तिचा सेन्सर चेन्नईला सांभाळला, तो कचरा! रागावून मी ताठ झालो, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. पलीकडे चाचणीला लावलेला पंप घरघरत होता. मला पिंपात सोडता सोडता तिनं मोकळा हात त्याच्यावर टेकवला आणि डोळे मिटले.

“मॅडम, हा डावीकडून जास्त थरथरतोय.”

“का?” मॅडमनी मानही वर केली नाही.

“माहीत नाही. बघते.”

असं ती म्हणाली, आणि तिचा आवाज जराही कापला नाही. मी पिंपाच्या तळाशी, किसाच्या मऊ ढिगावर, तो ऐकत पडलोय. उद्या भंगाराची गाडी येईल आणि मी पुन्हा कुठल्यातरी साच्यात जाईन. तुमच्या हाती लागलो तर आवळा खुशाल, फक्त शेपूट दातानं तोडू नका.