नैऋत्येकडे तोंड

अल्जीयर्सच्या प्रयोगशाळेत झुलेखाकडे चोवीस वाळूउंदीर होते, दूर नैऋत्येला, वाळवंटातल्या बेनी अब्बेस गावच्या ओढ्याकाठी पकडलेले. निम्म्यांना ती तिकडचाच खारट पाला घाली, निम्म्यांना विकतच्या पौष्टिक गोळ्या. पाल्यावरचे सडसडीत राहिले. गोळ्यांवरच्यांची दोन महिन्यांत पोटं लोंबली, रक्तात साखर चढली, मोतीबिंदू होऊन डोळे गेले.

मंगळवारी दुपारी ती वजनं करायला आली, तर चोवीसही उंदीर नैऋत्येकडे तोंड करून बसलेले.

"जलूलकाका, पिंजरे हलवलेत का?"

"मी कशाला हलवू?" उंदरांचं सगळं बघणारा जलूल म्हणाला. तो बेनी अब्बेसचाच. "सकाळपासून असेच आहेत. घराकडं बघतायत, पोरी."

"आंधळे काय बघणार, काका?"

तिने एक पिंजरा फिरवला. आतला आंधळा उंदीर जडशीळ अंग ओढत वळला आणि पुन्हा तिकडेच तोंड करून बसला.

मग एकाने मागचा पाय आपटला. दुसऱ्याने आपटला. बघता बघता सगळे एका ठेक्यात पाय आपटू लागले.

"बिळात धोका शिरला की असं करतात," जलूल पुटपुटला.

एकाएकी सडसडीत उंदीर जाळीवरून सरसर चढले आणि पिंजऱ्याच्या छताला लटकले. लठ्ठ उंदरांनीही जाळी धरली, पण दोन बोटं वर जाऊन ते धपकन खाली पडत. पुन्हा धरत, पुन्हा पडत. तीन वाजून दहा मिनिटांनी ते बाराही निपचित पडले. खालचा भुसा कोरडा ठणठणीत होता.

झुलेखाने त्याच दुपारी एकाला चिरलं. फुप्फुसं पाण्याने टम्म फुगली होती. पाण्यात तांबडी, बारीक वाळू होती.

तेवढ्यात जलूलला बेनी अब्बेसहून बहिणीचा फोन आला. डोंगरात पाऊस झाला होता. तीनच्या सुमारास ओढ्याला लोंढा आला आणि काठची सगळी बिळं बुडाली.

जलूलने बाराही कलेवरं एका फडक्यावर ओळीने ठेवली. "हलके असते तर वाचले असते गं," तो म्हणाला.

झुलेखाने वहीत मृत्यूचं कारण लिहिलं: बुडून. संचालकांनी ते पान फाडलं.

"पाण्याची बाटली गळली असेल. नवे मागव."

"आणि वाळू, सर?"

त्यांनी फाडलेलं पान चुरगाळून टोपलीत टाकलं. तिने नवे मागवले नाहीत. त्या शुक्रवारी ती आणि जलूल उरलेले बारा घेऊन बेनी अब्बेसला गेले आणि ओढ्यापासून लांब, उंचावर त्यांना सोडून आले.