सोमवारची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि माझा खरा रंग निळा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहाल तेव्हा मी पिवळीधमक दिसेन आणि तुम्ही फिदीफिदी हसाल. खुशाल हसा, पण आधी माझी हकीकत ऐकून घ्या.

सँतेतिएन शहरात एका कारागिराने मला आपल्या अंगणातल्या शेडमध्ये घडवलं. पोलादी नळ्या कापल्या, पितळेचा डाख दिला, निळा रंग लावून आठ दिवस सुकवलं. मला दोन बैठका आहेत, दोन हँडल आहेत आणि पायडलांच्या दोन जोड्या आहेत. पुढच्याने वळवायचं, मागच्याने नुसतं पायडल मारायचं. फेर्नां आणि ओदिल यांना मी लग्नात आहेर म्हणून मिळाले. फेर्नां पुढे बसे, ओदिल मागे. ती पाठीमागून विचारायची, "आता कुठे वळायचं?" तो म्हणायचा, "मागे बसणाऱ्याने रस्ता विचारायचा नसतो." त्यावर ती पायडल मारणं थांबवायची. मग चढावर त्याचा घाम निघे आणि तो निमूटपणे रस्ता सांगे.

व्हिलसेक गावात दोघांची बेकरी होती. आठवड्याचे सहा दिवस पाव भाजायचा आणि फक्त सोमवारी दुकान बंद. त्यामुळे माझं सगळं आयुष्य सोमवारी गेलं. लांब जायचं तर आदल्या संध्याकाळी मला रेल्वेत चढवत. इतर दिवशी मी पिठाच्या पोत्यांशेजारी उभी असे.

त्यांच्याकडे सायकलस्वारांच्या संघाने काढलेली एक वही होती. तिच्यात देशाच्या प्रत्येक प्रांतातली सहा ठिकाणं दिलेली: कुठे किल्ला, कुठे मठ, कुठे जुना पूल, कुठे घाट. तिथे सायकलने जायचं आणि गावातल्या एखाद्या दुकानात त्या चौकटीवर शिक्का मारून घ्यायचा. घाई नाही, शर्यत नाही, हवं तर अख्खं आयुष्य लावा. मी बोल्यूच्या मठाच्या कोरीव दारापाशी भिंतीला टेकून उभी राहिले आहे. कास्तेलनोच्या तांबड्या किल्ल्याखाली माझं चाक पंक्चर झालं आहे. ल्वारच्या काठचे वाडे मी इतके पाहिले, की शेवटी शेवटी मला त्यांची छपरंसुद्धा सारखीच वाटायला लागली.

अडचण एकच होती. आमच्या देशात सोमवारी खेड्यांतली दुकानं बंद असतात. आमचं बंद, तसं सगळ्यांचंच. त्यामुळे आमच्या वहीत शिक्के आहेत ते पोस्टाचे, रेल्वे स्टेशनचे, एकदा पोलीस चौकीचा, एकदा तर गुरांच्या डॉक्टरचा. शिक्का नाहीच मिळाला, तर गावाच्या पाटीखाली सायकल उभी करून काढलेला फोटोही चालतो, असा नियम आहे. पण फेर्नांला तो पसंत नव्हता. "फोटो कॅमेरा काढतो," तो म्हणायचा. "शिक्का माणूस देतो."

आणि म्हणूनच एक चौकट रिकामी राहिली. रोशनुआर. डोंगरावरचं काळ्या दगडाचं गाव, तसंच काळं, बुटकं, नऊशे वर्षांचं चर्च. तिथे पोस्ट नाही, स्टेशन नाही, दुकान एकच, तेही बेकरी. आम्ही तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा सोमवारी. बेकरीवाली वरच्याच मजल्यावर राहत होती. एक हाक मारली असती तर खाली आली असती. पण फेर्नांने हाक मारली नाही. "तिचा एकच दिवस आहे झोपायचा," तो म्हणाला, "आपलं दार कुणी वाजवलं तर आपण काय म्हणतो?" आणि थांबायचीही सोय नव्हती. मंगळवारचं पीठ मळायला रात्री दोनला घरी उभं राहावं लागे.

बेकरी विकली त्याच वर्षी फेर्नां गेला. मी शेडमध्ये गेले. चार वर्षं कुणी टायरमध्ये हवा भरली नाही. कोळ्यांनी माझ्या आऱ्यांत जाळी विणली. मित्रांनो, गंज बाहेरून दिसतो त्याच्या आधी आत लागतो, आणि तो लागताना आवाज होत नाही.

यंदा देशातली मोठी सायकल शर्यत आमच्या गावातून जायची ठरली. अशा वेळी आमच्याकडे एक खूळ निघतं. जुन्या सायकली गोळा करायच्या, शर्यतीत पुढे असणाऱ्याचा सदरा पिवळा म्हणून पिवळ्या रंगवायच्या आणि चौकात फुलं लावून टांगायच्या, हेलिकॉप्टरमधून टीव्हीवर दिसाव्यात म्हणून. ओदिलचा मुलगा लुसियां भला माणूस, पण त्याने आईला न विचारता मला गावसमितीला देऊन टाकलं. दोन बैठकांची सायकल म्हटल्यावर समिती खूश झाली. मला घासलं नाही, पुसलं नाही, कोळ्यांसकट रंगवलं. मागच्या बैठकीवर, जिथे ओदिल बसायची तिथे, लाल फुलांची कुंडी बांधली. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी सकाळी ओदिल पाव आणायला निघाली होती. चौकात तिने मला पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"खाली उतरवा तिला," ती म्हणाली.

शिडीवर समितीचे अध्यक्ष होते. "अहो मादाम, मंगळवारी शर्यत आहे! पोस्टरवर हिचाच फोटो छापलाय."

"ती कुंडी माझ्या जागेवर ठेवलीत तुम्ही. मी अजून मेले नाही."

लुसियां धावत आला. "आई, शर्यत होऊन जाऊ दे, मग बघू ना."

"मग बघू, मग बघू म्हणत तुझे बाबा गेले," ओदिल म्हणाली. "एक चौकट राहिलीय. मी रोशनुआरला जातेय."

"एकटी? एकाहत्तराव्या वर्षी? तू आयुष्यात कधी पुढे बसली नाहीस!"

"म्हणूनच आता बसते."

शेवटी तडजोड झाली. येताना रेल्वेने येऊन मंगळवारी सकाळी नऊच्या आत मला परत टांगायचं, असा तिने शब्द दिला.

शनिवारी तिने माझी साखळी तेलात भिजवली, टायर बदलले आणि पुढच्या बैठकीवर बसून थेट रस्त्याकडेच्या चरात गेली. उठली, गुडघा झटकला, पुन्हा बसली. संध्याकाळपर्यंत ती मला वळवायला शिकली. रविवारी पहाटे आम्ही निघालो. मागची बैठक रिकामी होती. सवयीने मी तिथल्या वजनाची वाट पाहत होते, आणि प्रत्येक चढावर ते नसल्याचं जाणवत होतं. दोघांसाठी घडवलेली मी, एकटीला ओढायला जड. ओदिल अक्रोडाच्या बागांतून, नदीच्या पुलांवरून गेली. रात्र तिने बोल्यूला काढली. दुसऱ्या दिवशी घाट लागला. चढ सरेना, तेव्हा ती उतरून मला ढकलत चालली. ती मोठ्याने म्हणत होती, "हं, अजून एक वळण. हं, अजून एक."

भरदुपारी आम्ही रोशनुआरला पोचलो. बेकरीचं दार लावलेलं होतं. दारावर पाटी होती: सोमवारी बंद.

ओदिल पाटीकडे बघत राहिली. आता तिचं दुकान नव्हतं, पीठ मळायचं नव्हतं, आठवड्याचे सातही दिवस तिचे होते. तरी पन्नास वर्षांच्या सवयीने ती नेमकी सोमवारीच येऊन उभी राहिली होती. आधी तिला हसू आलं. मग ती समोरच्या कारंज्याच्या कट्ट्यावर बसली आणि रडली.

पलीकडच्या घरातून एक बाई डोकावली. "अहो, हाक मारा की तिला! वरच आहे, टीव्ही बघतेय."

"नको," ओदिल डोळे पुसत म्हणाली. "आज सोमवार आहे."

"मग गावाच्या पाटीखाली फोटो काढा. सगळे तसंच करतात."

ओदिलने नकारार्थी मान हलवली. मग बराच वेळ ती माझ्या हँडलवर हात ठेवून बसली. एकीकडे नऊ वाजताचा शब्द होता, दुसरीकडे ती चौकट. तिने लुसियांला फोन लावला.

"मी उद्यापर्यंत थांबतेय. समितीला सांग, माझा शब्द मोडला. शिव्या मी येऊन खाईन."

मग लुसियां म्हणाला, "तिच्या जागी माझी सायकल टांगतो."

"तुझी? ती नवी कोरी?"

"हो. पण रंगवू देणार नाही. पिवळी रिबीन बांधतो." मग तो हळूच म्हणाला, "चुकलंच माझं, आई. विचारायला हवं होतं."

रात्री त्या शेजारच्या बाईंनी ओदिलला जागा दिली, मला गोठ्यात उभं केलं. मंगळवारी पहाटे ताज्या पावाचा वास आला आणि बेकरीचं दार उघडलं. पहिलं गिऱ्हाईक ओदिल. बेकरीवालीने वही बघितली, पानं मागे उलटली आणि म्हणाली, "काल माझ्या दारासमोर बसला होतात तुम्ही. खिडकीतून पाहिलं मी. हाक का नाही मारलीत?"

"आमचीही बेकरी होती," ओदिल म्हणाली.

बेकरीवालीने शिक्क्यावर फुंकर मारली आणि तो दोन्ही हातांनी दाबून उमटवला. मग खाली तारीख घालून वार लिहिला. आमच्या सगळ्या वहीत सोमवार आहेत. मंगळवार तो एकच. आणि शिक्का फेर्नांला हवा होता तसाच, माणसाने दिलेला.

दुपारी लुसियां बसने आला आणि मुकाट्याने माझ्या मागच्या बैठकीवर बसला. पहिल्याच फाट्यावर तो म्हणाला, "आई, आता कुठे?"

ओदिल पुढे बघतच म्हणाली, "मागे बसणाऱ्याने रस्ता विचारायचा नसतो."

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी कुणीतरी शेडमध्ये, जिन्याखाली उभी असेल. तिला फुलं नकोत, रंगही नको. थेंबभर तेल द्या, हवा भरा आणि तिचं काय राहून गेलंय ते तिच्या माणसांना विचारा. लुसियां माझा पिवळा रंग खरवडायला निघाला होता, पण ओदिलने थांबवलं. म्हणाली, थंडीत बघू, आता वेळ नाही. कारण नवी वही आली आहे. सगळ्या चौकटी रिकाम्या आहेत, माझ्या साखळीला तेल घातलेलं आहे आणि आज गुरुवार आहे.